कोल्ह्याचें स्थलांतर

बिऱ्हाड हलविण्याची विद्या माणसाला फार प्राचीन काळापासून अवगत आहे. परंतु बिऱ्हाडांतील सर्वांत जड वस्तु कोणती, याचा निर्णय अद्यापि लागलेला दिसत नाहीं. गृहिणीला विचाराल तर ती पाट्यावरवंट्याचें नांव घेईल. विद्वानाला विचाराल तर तो आपल्या ग्रंथांच्या पेट्यांकडे बोट दाखवील. आणि विमानानें परदेशाहून परतणाऱ्या आजच्या तरुण जोडप्याला विचाराल, तर तें माणशीं इतके किलो असा विमान कंपनीचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवील. मला मात्र अलीकडे असें वाटूं लागलें आहे कीं, सर्वांत जड सामान घरांतल्या सर्वांत लहान माणसाजवळ असतें. तें कोणत्याहि काट्यावर चढत नाहीं, जकातीच्या अधिकाऱ्याला दिसत नाहीं, आणि म्हणूनच तें सुखरूप पोंचलें कीं वाटेंत हरवलें याची चौकशीहि कोणी करीत नाहीं.

दीड वर्षापूर्वीं आमचे चिरंजीव, सूनबाई आणि पांच वर्षांची नात अशीं तिघें लंडनचें बिऱ्हाड मोडून नगरास आमच्या घरीं आलीं. माझ्या पत्नीच्या मांडीचें हाड मोडलें होतें. तिला उठवायला-बसवायला घरचें माणूस हवें होतें, आणि चिरंजीवांचें काम आतां संगणकापुढें बसून कोठूनहि करतां येण्याजोगें झालेलें होतें. तेव्हां दोन वर्षें येथेंच काढावीं असें ठरलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं न्याहारीच्या वेळीं मला समजलें कीं, या तिघांबरोबर आणखी एक पाहुणा आलेला आहे. मी माझ्या नेहमींच्या जागीं बसणार, तोंच नात ओरडली, “आजोबा, तिथं नका बसूं! तिथं फॉक्स बसलाय!”

मी मुकाट्यानें शेजारीं सरकलों. घरीं आलेल्या पाहुण्याला जागा द्यावी, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. पाहुणा दिसलाच पाहिजे अशी अट त्यांत कोणी घातलेली नाहीं.

या फॉक्सची पूर्वपीठिका मागाहून कळली. लंडनच्या त्यांच्या घरामागें हातभर बाग होती आणि तींत रात्रीं खरोखरीचा एक तांबडा कोल्हा येत असे. आमच्या शेजाऱ्यांना हें ऐकून मोठें नवल वाटलें. पण त्या शहरांत ही नवलाई नव्हे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत इंग्लंडांतील मोठ्या शहरांभोंवतीं बागाबागांचीं उपनगरें पसरत गेलीं, आणि रानांतले कोल्हे त्या बागांतून शहरांत शिरले ते कायमचे. म्हणजे माझ्या नातीच्या या मित्राचे पूर्वजहि बिऱ्हाड बदललेलेच! ती निघाली त्या रात्रीं बागेंतला कोल्हा अर्थातच मागें राहिला. पण त्याची शेपटी, त्याचे कान आणि त्याचा भित्रा, चौकस स्वभाव हीं सारीं तिनें बरोबर घेतलीं.

पहिल्या महिन्यांत घरांतल्या दिनक्रमाशीं फॉक्सचें कांहीं केल्या जमेना. आमच्या भागांत नळाला पाणी रोज येत नाहीं. तें येण्याच्या दिवशीं घरांत जी बादल्या-पिंपांची धांदल उडते, तिच्याकडे तो भेदरून पाही. “फॉक्सला कळत नाहीं, पाण्याला सुट्टी कशी असते?” असा प्रश्न तिनें मला विचारला. मीं तिला मुळा धरणाची गोष्ट सांगितली. ती तिनें कोपऱ्यांत जाऊन फॉक्सला सांगितली. भिंतीवरच्या पालीचें भय फॉक्सला वाटे. रात्रीं वीज गेली कीं रडूं फॉक्सला येई. आधीं फोन न करतां माणसें घरांत येऊन बसतात कशीं, आणि आल्या-आल्या ‘जेवलीस का?’ म्हणून विचारतात कां, हेंहि फॉक्सलाच समजत नसे. नातीला स्वतःला सर्व कांहीं समजत होतें. तिला केवळ आपल्या अडाणी मित्राची काळजी होती!

मी बारकाईनें पाहूं लागलों तेव्हां या व्यवस्थेंतलें शहाणपण माझ्या ध्यानांत आलें. परक्या ठिकाणीं गेलेल्या माणसाला सर्वांत कठीण जातें तें आपलें अज्ञान चारचौघांत उघडें करणें. मोठीं माणसें त्यासाठीं वाटाड्याचीं पुस्तकें विकत घेतात किंवा सगळें ठाऊक असल्यासारखी मुद्रा करून बसतात. पांच वर्षांच्या मुलाजवळ यांतलें कोणतेंच साधन नाहीं. म्हणून माझ्या नातीनें आपलें सारें अज्ञान, सारें भय आणि थोडेंसें रडूं एका कोल्ह्याच्या नांवावर चढविलें, आणि स्वतः मोकळ्या मनानें नव्या गांवांत वावरूं लागली.

येणारे-जाणारे मात्र तिला एकच प्रश्न विचारीत. “काय ग, तुला कुठलं जास्त आवडतं? लंडन कीं नगर?” हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें, हें मला मान्य आहे, परंतु ‘आई जास्त आवडते कीं बाबा?’ या प्रश्नाचाच हा भाऊबंद आहे, आणि त्याचें खरें उत्तर कोणालाहि नको असतें. नात क्षणभर विचार करी आणि म्हणे, “फॉक्सला विचारून सांगते.” तिचें हें उत्तर पाहुणे हंसण्यावारीं नेत. मला तें एखाद्या मुत्सद्द्याला शोभेल असें वाटे.

त्यांतून आमच्या गांवाचें नांवहि तिला सहजासहजीं समजण्यासारखें नव्हतें. १४९० मध्यें अहमद निजामशहानें वसविलेलें हें शहर पांच शतकांहून अधिक काळ अहमदनगर म्हणून ओळखलें गेलें. २०२४ सालीं शहराचें आणि जिल्ह्याचें नांव, याच जिल्ह्यांतील चौंडीस जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांवरून, अहिल्यानगर असें झालें. आणि आम्ही रहिवासी पूर्वींहि ‘नगर’ म्हणत होतों, आतांहि ‘नगर’च म्हणतों. “म्हणजे तुम्हीहि दुसऱ्या गांवाला आलांत?” असें तिनें मला विचारलें. मी म्हटलें, “नाहीं बाळ, आम्ही इथंच होतों, गांवच नव्या नांवाला आलं.” हें तिला पटलें. स्थलांतर करायला प्रत्येक वेळीं विमानांत बसावें लागतें असें नाहीं, हा सिद्धांत तिनें त्याच दिवशीं फॉक्सला शिकविला असावा.

इतकें सगळें सुरळीत चाललें असतां शाळेकडून निरोप आला. बांकावर शेजारीं कोणाला बसूं देत नाहीं, तेथें फॉक्स बसला आहे म्हणून सांगते. एकंदरीत मुलगी खोटें बोलते, तरी घरीं लक्ष द्यावें, असा त्याचा आशय होता. त्या रात्रीं सूनबाई फार वेळ जाग्या होत्या. “बाबा,” त्या मला म्हणाल्या, “तिचे मित्र, तिची शाळा, तिची खोली, सगळं आम्हीं एका दिवसांत काढून घेतलं. म्हणून तर ती अशी हवेशीं बोलत बसत नसेल?” त्यांच्या बोलण्यांतली वेदना खरी होती. परदेश सोडण्याचा निर्णय आई-बाप घेतात. त्याची किंमत मूल कोणत्या नाण्यांत देत आहे, हें त्यांना कळायला मार्ग नसतो.

या बाबतींत शास्त्राचें म्हणणें धीर देणारें आहे. मार्जोरी टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीनें मुलांच्या अशा अदृश्य सोबत्यांचा कित्येक वर्षें अभ्यास केला. १९९९ सालीं तिचा त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें २००४ सालीं तिनें आणि तिच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, सात वर्षांच्या वयापर्यंत शेंकडा ६५ मुलांना केव्हां ना केव्हां असा सोबती लाभलेला असतो. म्हणजे ज्यांनीं देश तर राहोच, गल्लीहि बदललेली नाहीं, अशा मुलांच्या घरींहि हे पाहुणे येत-जात असतात. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, आपला सोबती काल्पनिक आहे हें त्या मुलांना पुरतें ठाऊक असतें. फार गंभीरपणें प्रश्न विचारणाऱ्या संशोधकालाच तीं कधीं कधीं तशी आठवण करून देतात. हा अनुभव मलाहि आला. मीं एकदां फॉक्सची प्रकृति जरा जास्तच आस्थेनें विचारली, तेव्हां नात माझ्या कानाशीं येऊन हलकेंच म्हणाली, “आजोबा, तो खरा नाहींये हं. तुम्हांला माहीत आहे ना?”

पत्नीनें मात्र शास्त्राची वाट पाहिली नाहीं. ती पलंगावरूनच म्हणाली, “अहो, ज्या घरांत देव्हाऱ्यांतल्या बाळकृष्णाला रोज दूध-साखर ठेवतात, त्या घराला एका कोल्ह्याची पोळी जड झाली का?” आणि खोटें बोलण्याचाच प्रश्न असेल, तर तो सबंध नगरालाच विचारावा लागेल. शहराच्या पूर्वेस डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत उभी आहे. तें मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याचें थडगें. परंतु १५९५-९६ सालीं मोगलांच्या वेढ्यांत नगरचा किल्ला झुंजविणाऱ्या चांदबिबीवर आमचें प्रेम असें कांहीं जडलें आहे कीं, आम्ही पिढ्यान् पिढ्या त्या थडग्याला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणत आलों. जी तेथें कधीं राहिली नाहीं तिला आम्हीं तेथें कायमची जागा दिली. मग एका मुलीनें बांकावर वीतभर जागा राखली, तर बिघडलें कोठें?

देश बदललेल्या मुलांनीं असें आपापलें जग उभारल्याचीं उदाहरणें आपल्या मुंबई इलाख्यांतूनच मिळतात. रुडयार्ड किपलिंग १८६५ सालीं मुंबईस जन्मला. आयेच्या कडेवर आणि नोकरांच्या संगतींत वाढलेलें हें पोर. त्याला इंग्रजीपेक्षां येथलीच भाषा अधिक जवळची वाटे. १८७१ सालीं, वयाच्या सहाव्या वर्षांत, त्याला इंग्लंडांत साउथसी येथें परक्यांच्या घरीं ठेवण्यांत आलें आणि तेथें त्यानें सहा दुःखाचीं वर्षें काढलीं. पुढें म्हातारपणीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत तो सांगतो कीं, त्या घराच्या ओलसर तळघरांत आपण एकट्यानेंच रॉबिन्सन क्रूसोचा खेळ मांडीत असूं. साहित्य काय, तर लाल दोरीला बांधलेली नारळाची करवंटी, एक पत्र्याची ट्रंक आणि खोक्याच्या फळीचा एक तुकडा. ती फळी आडवी लावली कीं बाहेरचें जग बाहेर राहात असे. नारळाची करवंटी त्या थंड गांवांत कोठून आली असेल तें असो. मुंबईच्या समुद्रकांठीं वाढलेल्या मुलानें आपलें बेट बांधायला हात नेमका तिलाच घातला, हें वाचून माझें मन गलबलतें.

दुसरें उदाहरण तर प्रत्यक्ष आमच्या नगरचें. १६ एप्रिल १९१८ रोजीं येथें एका लष्करी आयरिश गृहस्थाला मुलगा झाला. त्याचें बालपण पुण्यास आणि नंतर रंगूनला गेलें, आणि १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें कुटुंब लंडनला गेलें. हाच पुढें स्पाइक मिलिगन या नांवानें गाजला. १९५१ ते १९६० पर्यंत बीबीसीच्या रेडिओवर चाललेला ‘गून शो’ हा मुख्यतः त्याच्या लेखणीची करामत. उलट्या बुद्धीच्या तर्कटांनीं त्यानें सारें इंग्लंड हंसविलें आणि मुलांसाठीं निरर्थक वाटणाऱ्या कवितांचीं पुस्तकें लिहिलीं. परंतु हिंदुस्थानांत जन्मलेल्या या माणसाच्या ब्रिटिश नागरिकत्वाविषयीं पुढें कायद्यानें शंका काढली. नव्यानें राजनिष्ठेची शपथ घेण्याचें त्यानें नाकारलें आणि १९६२ सालीं आयर्लंडचें नागरिकत्व पत्करलें. देश बदलल्यामुळें त्याची कल्पनाशक्ति वाढली असें मी म्हणत नाहीं. प्रतिभेचीं कारणें इतकीं स्वस्त नसतात. पण ज्याला ‘तूं कोठला?’ या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां येत नाहीं, त्याला वांकडी उत्तरें शोधण्याची संवय लागत असावी, इतकें म्हणायला हरकत नाहीं.

आमच्या घरीं खरा पेंच पडला तो एका शब्दावरून. सूनबाईंनीं मराठी गोष्टींचें पुस्तक आणलें, आणि मी ‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’ ही गोष्ट वाचीत होतों. “कोल्हा म्हणजे फॉक्स,” असें मी सांगतांच नातीनें चित्राकडे बोट दाखविलें. चित्रकार प्रामाणिक होता. त्यानें आपल्याकडचा, मातकट रंगाचा, किडकिडीत पायांचा कोल्हा काढला होता. “हा फॉक्स नाहीं,” नात निश्चयानें म्हणाली. आणि तिचें म्हणणें बरोबर होतें! मराठींत कोल्हा म्हणजे इंग्रजांचा ‘जॅकल’. मोल्सवर्थाच्या कोशांतहि तोच अर्थ दिला आहे. इसापची मूळ गोष्ट फॉक्सची. परंतु तो मराठींत उतरला तेव्हां त्याला राहायला घर म्हणून कोल्ह्याचें नांव मिळालें, आणि तो इतका रुळला कीं आपण परका आहों हें तो स्वतःहि विसरला. फॉक्सच्या जातीचा आपल्याकडचा प्राणी म्हणजे खोकड. पण गोष्टींच्या पुस्तकांत त्या बिचाऱ्याची वर्णीच लागली नाहीं.

गेल्या पौषांत आम्ही सगळीं कर्जत तालुक्यांतल्या रेहेकुरीस काळवीट पाहायला गेलों होतों. काळविटांसाठीं १९८० पासून राखलेलें हें चिमुकलें अभयारण्य म्हणजे नगर जिल्ह्याच्या मूळच्या गवताळ माळाचा एक जपून ठेवलेला तुकडाच आहे. परत येतांना, दिवस मावळतीला, रस्त्याकडेच्या उघड्या माळावर मांजरापेक्षां थोडेंसें मोठें असें एक जनावर बोरीच्या झुडपाखालीं कांहीं हुंगत असलेलें दिसलें. आम्हीं गाडी थांबविली. मेंढरें घेऊन चाललेला एक धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. “कोल्हा!” असें चिरंजीव म्हणाले. धनगर हंसला. “कोल्हं न्हाई, साहेब. खोकड हाय त्ये. बोरं खातंय. उंदरं खातंय, किडं खातंय. त्येचं बीळ हाय तिकडं.”

नात श्वास रोखून पाहात होती. तोंड तेंच, कान तेच, आणि तेवढीच झुपकेदार शेपटी. मात्र अंगाचा तांबडा रंग जाऊन तेथें माळाच्या मातीचा करडा आलेला होता, आणि शेपटीचें टोक, जें लंडनला पांढरें शुभ्र होतें, तें येथें काळें होतें. घरीं येईपर्यंत ती एक शब्दहि बोलली नाहीं. रात्रीं जेवतांना तिनें जाहीर केलें, “इथं धूळ फार आहे ना, म्हणून फॉक्सनं शेपटी काळी करून घेतली. आतां त्याचं नांव खोकड.”

मिलिगनला जें शपथ घेऊन मिळवायला सांगण्यांत आलें होतें, तें नागरिकत्व या प्राण्यानें असें एका संध्याकाळींत, कोणतीहि शपथ न घेतां मिळविलें. त्यानंतर खोकड मराठी बोलूं लागलें, आणि त्याच्या मागून, अगदीं बेमालूमपणें, नातहि बोलूं लागली. आजवर ती मराठी समजत असे, पण उत्तर इंग्रजींत देई. चुकीचा शब्द तोंडून जाण्याची तिला लाज वाटे. आतां चुका करायला खोकड होतें. “खोकड ‘माझा पाणी’ म्हणतं. वेडं आहे!” असें म्हणून ती स्वतः ‘माझं पाणी’ मागूं लागली. शाळेंतला बांक केव्हां मोकळा झाला हें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. तेथें आतां वर्गांतली एक खरीखुरी मुलगी बसते आणि दोघी मिळून पेन्सिली चघळतात.

मुलाला नव्या जागीं ‘रुळविण्याची’ आपण मोठी घाई करतों. रुळणें म्हणजे जुनें विसरणें, अशी आपली कांहींतरी समजूत असते. माझ्या नातीनें जुनें कांहींच टाकलें नाहीं. ज्या सवडीनें तिला तें पेलवलें त्या सवडीनें तिनें त्याचा रंग बदलूं दिला, इतकेंच. ती सवड तिला कोणी दिली म्हणावी? शास्त्रानें थोडी, आजीनें बरीच, आणि माळावरच्या त्या धनगरानें एका शब्दानें सगळ्यांत अधिक.

आतां पत्नी काठी टेकीत अंगणापर्यंत जाते. दोन वर्षें संपत आलीं. येत्या जूनमध्यें तीं तिघें परत लंडनला जाणार. हें नातीला सांगितलें तेव्हां ती रडली नाहीं. खोकडाशीं बोलून येतें म्हणाली, आणि बऱ्याच वेळानें परत आली. “खोकड येणार नाहीं,” ती म्हणाली. “तिथले फॉक्स त्याला आतां ओळखणार नाहींत.” सूनबाई उठून स्वयंपाकघरांत गेल्या. आम्हीं कोणीं कांहीं बोललों नाहीं; कारण जो कोणी परदेशीं राहून आला आहे, आणि ज्याचें कोणी परदेशीं राहून आलें आहे, त्याला या वाक्यावर बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

खोकडाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तिनें सांगितलें तसें मीं एका कागदावर लिहून घेतलें: पौषांत त्याला बोरें द्यावीं, पाणी येण्याच्या दिवशीं त्याची वाटी भरून ठेवावी, वीज गेली तर त्याला जवळ घेऊन बसावें. शेवटचें कलम सांगतांना ती जरा थांबली. “आणि आजोबा, त्याच्याशीं रोज थोडं इंग्रजींत बोलत जा. नाहीं तर तो विसरेल, आणि मी परत आलें कीं मग आमचं कसं होणार?”